बॅगेचं चाक फिरत नाही? आधी हे करून बघा

६ मार्च

भाचीचा हुकूम आहे. वेबसाइटवर काय केलं, कधी केलं, ते तारखेसह लिहून ठेवायचं. म्हणजे पुढे काही घडलं तर कशामुळे घडलं ते कळेल, आणि काहीच घडलं नाही तर तेही कळेल. दुसऱ्याचीच शक्यता जास्त, म्हणून जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे. नवी वही उगाच कशाला वाया घालवा!

आधी परिस्थिती लिहून ठेवते. बाबांनी हे बॅगदुरुस्तीचं दुकान बसस्टँडच्या बरोबर समोर काढलं. माणूस बसमधून उतरला की त्याच्या बॅगेचं हँडल तुटलेलं असायचं आणि समोर बाबा बसलेले असायचे. देवाची योजनाच म्हणा. मग दोन वर्षांपूर्वी स्टँड उचलून गावाबाहेर नेला. आता समोर पार्किंग आहे. गाड्यांना चाकं असतात, पण ती मला दुरुस्त करता येत नाहीत.

दुकान माझ्या आणि दादाच्या नावावर. दादा दोनशे मैलांवर बँकेत साहेब आहे. तो फक्त जेवणाच्या सुट्टीत, सव्वाएकला फोन करतो आणि चावता चावता बोलतो. आजही चावत होता. "मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा मागतोय. तू वर्षअखेरपर्यंत बघ. नाही चाललं तर एकतीस डिसेंबरला मी कागद घेऊन येतो, दोघं सह्या करू."

म्हणजे हातात दहा महिने. भाची म्हणाली, "आत्या, वेबसाइट कर, मी बनवते." ती दादाचीच मुलगी, तिकडे लांब एका कंपनीत लोकांच्या वेबसाइटी बनवते. "फक्त पप्पांना सांगू नकोस मी बनवली म्हणून," म्हणाली. नाही सांगणार. त्यांच्या घरच्या भांडणाला माझ्याकडे जागा नाही. इथे आधीच एकवीस बॅगा बेवारस पडल्यात.

९ मार्च

वेबसाइटवरचा मजकूर आमच्या ह्यांनी लिहिला. तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेला माणूस, त्यांना थांबवणार कोण? नाव ठेवलं 'सामान-संजीवनी केंद्र'. पहिलं वाक्य: 'प्रवास हा मानवी जीवनाचा आरसा असून बॅग ही त्या प्रवासाची मूक सहचारिणी होय.'

भाचीनं फोनवर वाचून पाहिलं. मग म्हणाली, "काका छान लिहितात. पण आत्या, बॅग तुटल्यावर माणूस मोबाइलवर काय टाइप करेल? मूक सहचारिणी?"

हे म्हणाले, "लोकांची अभिरुची घडवावी लागते."

तुटलेली बॅग धरून फुटपाथवर उभ्या माणसाची अभिरुची घडवायला माणूस खमका लागतो. पण मजकूर तसाच राहू दिला. घरात शांतताही हवी.

१५ मार्च

वेबसाइट सुरू झाली. फोटोत मी रिव्हेट ठोकते आहे आणि चेहरा असा की ज्याच्या बॅगेत ठोकते आहे त्याचा जुना राग असावा.

भाचीला विचारलं, "आता पहिल्या पानावर कधी येणार?"

"चार ते सहा महिने. कधी वर्षही."

"सहा महिन्यांत मूल बसायला लागतं गं!"

"तसंच आहे, आत्या. आधी गूगलला कळायला हवं की तू आहेस. मग काय करतेस ते कळायला हवं. मग त्याचा विश्वास बसायला हवा. तुझ्या आधी शंभर जण रांगेत उभे आहेत."

म्हणजे सून घरात आल्यासारखंच. पी हळद अन् हो गोरी, असं काही चालत नाही म्हणे इथे.

२ एप्रिल

काही नाही. आज बावीस वेळा पाहिलं.

१९ एप्रिल

आलो! पहिल्या नंबरवर आलो! सकाळी 'बॅग दुरुस्ती' असं टाइप केलं तर सगळ्यात वर आमचंच संजीवनी केंद्र. पुन्हा टाइप केलं, पुन्हा आम्हीच. सहा महिने म्हणे! महिना आणि चार दिवसांत काम फत्ते. भाचीला अजून माझ्या रक्ताची ओळख नाही.

हे दिवसभर 'मूक सहचारिणी'चं कौतुक ऐकवत होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला केक दिला. आईला दोन तुकडे दिले. सव्वाएकला दादाला मीच फोन केला. "कव्हरवाल्याला सांग, दुसरी जागा बघ म्हणावं. सगळ्या गावात आपण पहिले आहोत."

दादा चावायचा थांबला. "बघतो," म्हणाला.

२० एप्रिल

दादाचा सव्वाएकला फोन. "मी शोधलं. नाही दिसत."

"नीट शोध. तुझा मोबाइल जुना आहे."

"नवव्या पानापर्यंत गेलो अगं. नवव्या पानावर आहेस."

झेरॉक्सवाल्याकडे धावले. त्याच्या मोबाइलवर शोधायला लावलं. एक, दोन, तीन... नऊ. खाली, अगदी तळाला, मी आणि माझा रिव्हेट.

भाचीला फोन लावला तर ती हसायलाच लागली. "आत्या, तू रोज किती वेळा उघडतेस?"

"वीस-बावीस."

"मग तुझ्या मोबाइलला वाटणारच ना, या बाईला हेच हवंय! तो तुला तुझीच आवड दाखवतो."

नवरा तीस वर्षांत शिकला नाही ते मोबाइल एका महिन्यात शिकला. पण झालं काय, तर मी आरशासमोर उभी राहून स्वतःला पहिला नंबर दिला आणि वर केक वाटला. झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, नवव्या पानालाही केक चालतो." त्याच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

११ मे

एका तज्ज्ञाचा फोन. सात दिवसांत पहिलं पान, खात्रीनं!

"तुमची स्वतःची कंपनी कितव्या पानावर आहे हो?" मी विचारलं.

फोन बंद. आठवड्यात एवढी एकच गोष्ट मनासारखी झाली.

गिऱ्हाइकं: सोमवारी एक, गुरुवारी एक. गुरुवारचा पत्ता विचारायला आला होता.

७ जून

आज घरात मोठा भडका उडाला. सविस्तर लिहिते.

दुकानाचा फोन दुपारी आई घेते. वय एक्याऐंशी, कान शाबूत, वेळ भरपूर. मला वाटायचं, निरोप लिहून घेत असेल. आज लवकर आले तर ऐकते काय, आई कुणा अनोळखी माणसाला सांगते आहे: "अरे बाळा, चाक फिरत नाही म्हणजे तुटलं असं नाही. आतल्या दांड्याला केस गुंडाळले असतील. बॅग उलटी कर. चिमटा घे. हळूहळू ओढून काढ, घाई करू नकोस. मग थेंबभर तेल सोड. नाहीच जमलं तर ये इकडे."

"आई! हे काय चाललंय?"

"त्याचं चाक अडकलंय."

"अगं मग त्याला इथे नको यायला? घरीच सगळं शिकवलंस तर तो कशाला येतो?"

"त्याला उद्या गाडी पकडायची आहे," आई म्हणाली. जणू माझ्या प्रश्नाला हेच उत्तर असतं!

पुढचं अजून ऐका. भाचीलाही हे ठाऊक होतं! तिनं म्हणे आजीला तीन-चार वेळा फोनवर बोलतं केलं आणि आजीचे शब्द जसेच्या तसे घेऊन वेबसाइटवर नवं पान टाकलं. वर नाव काय, तर 'बॅगेचं चाक फिरत नाही? आधी हे करून बघा.' बाबांनी जन्मभर ज्या विद्येवर घर चालवलं, ती माझ्याच वेबसाइटवर माझ्याच आईनं चव्हाट्यावर मांडली. फुकट. चिमट्याच्या फोटोसकट.

"काढून टाक," भाचीला सांगितलं.

"आत्या, डिसेंबरपर्यंत राहू दे. लोक हेच शोधतात गं, याच शब्दांत. आता काढलंस तर पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागेल."

"तुझ्या आजोबांना काय वाटलं असतं?"

"आजोबा तर स्टँडवर बसवाल्यांच्या बॅगा फुकट करून द्यायचे. पप्पा सांगतात."

दादा तिला असलं काही सांगतो हे मला नवीनच. मला तर तो व्याजदराशिवाय काही सांगत नाही.

९ जून

आईशी बोलत नाही. आईच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

२७ जुलै

भाचीनं मला वेबसाइट किती जणांनी पाहिली ते बघायला शिकवलं. शिकवायला नको होतं. आता बावीस वेळा तेही बघते. दिवसाला आठ-दहा माणसं येतात. सगळी आईच्या पानावर. ह्यांच्या सहचारिणीकडे गेल्या महिन्यात दोघं गेले, त्यातला एक मी.

पण एक गोष्ट खटकली. कुणीतरी बाहेरगावचा रोज न चुकता येतो. वेळ ठरलेली, दुपारी सव्वाएक. आईचं ते पान उघडतो, सहा-सात मिनिटं वाचतो आणि जातो. एकच पान, रोज! एवढं काय पाठ करतोय?

माझा संशय त्या मॉलमधल्या बॅगवाल्यावर. त्यानंच बाहेरगावी कुणाला तरी बसवलं असणार. आपली विद्या रोज थोडी थोडी चोरून नेतोय. रविवारी येत नाही. चोरांनाही हल्ली साप्ताहिक सुट्टी असते.

आईला सांगितलं (हो, बोलतो आता). आई म्हणाली, "सव्वाएक? मग जेवत असेल बिचारा." आणि तोंडाला पदर लावून खोकल्यासारखं केलं. तिला खोकल्याचं औषध आणायला हवं.

१६ ऑगस्ट

झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर चौथं पान. मी आता फक्त त्याच्याच मोबाइलवर बघते. माझ्या मोबाइलवर माझा भरवसा उरला नाही. तो मला खूश ठेवायला बघतो.

दादाचा फोन. "कव्हरवाला विचारत होता."

"थांबायला सांग त्याला," मी म्हटलं.

"हं. चढतंय हळूहळू." आणि मग, "सही तर डिसेंबरात करायची आहेच, आत्ता काय घाई?"

चढतंय हे त्याला कुणी सांगितलं? मी तर नवव्यानंतर त्याला काहीच बोलले नव्हते. बँकेतल्या माणसांना सगळीकडे आलेखच दिसतात.

१४ सप्टेंबर

एका माणसाचा फोन. "तुमच्या आईंनी सांगितलं तसं केलं. वीतभर केस निघाले! चाक पळायला लागलं. आभार मानायला फोन केला."

"मानलेत ना? ठेवा," असं तोंडावर आलं होतं. गेलं एक गिऱ्हाईक. आता हा दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला, आणि अख्खं जग चिमटे घेऊन बसणार.

१९ सप्टेंबर

तोच माणूस दुकानात आला. तीन बॅगा घेऊन. एक मेव्हण्याची, चेन गेलेली. एक शेजारणीची, हँडल उपटलेलं. एक सासूची, तिला तर काय झालं नाही ते विचारा.

"चाकाचं मी केलं असतं, पण हे माझ्यानं होणार नाही," म्हणाला. "तुम्हीच करा. तुम्ही खरं सांगता."

खरं आई सांगते. मी नुसती चिडते. पण त्याला कशाला सांगा?

२ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा असं माणूस आलं जे मला, आईला, ह्यांना, झेरॉक्सवाल्याला, कुणालाच ओळखत नव्हतं. एक तरुण नर्स, रात्रपाळी संपवून थेट आलेली. नव्या स्टँडवरून दोन बस बदलून, बॅग जवळजवळ कडेवर घेऊन.

"केस काढले. तरी फिरत नाही," ती म्हणाली. "पानावर लिहिलंय ना, नाहीच जमलं तर ये इकडे. म्हणून आले."

दांडा वाकला होता. तिला घरी जमणं शक्यच नव्हतं. बदलून दिला, वीस मिनिटं लागली. तेवढ्यात ती स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपली. मी हातोडीला फडकं गुंडाळून ठोकलं.

जाताना आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "पानावरचं सगळं तुम्हीच सांगितलंय ना?" आई दिवसभर त्या हाताकडे बघत होती.

ते पान काढून टाक म्हणाले होते मी. लिहून ठेवते, कारण सगळं तारखेसह लिहायचं ठरलं आहे.

१८ नोव्हेंबर

झेरॉक्सवाला मोबाइल नाचवत दुकानात शिरला. "ताई! पहिलं पान! शपथ! मी तुमची साइट कधी उघडत नाही, फक्त शोधतो, म्हणजे खरं आहे हे!"

बघितलं. पहिलं पान, चौथी ओळ. 'बॅगेचं चाक फिरत नाही? आधी हे करून बघा.' आठ महिने आणि तीन दिवस. पोर खरं सांगत होती.

केक आणला नाही. आधी समोरच्या औषधवाल्याच्या मोबाइलवर बघितलं. मग पोस्टमनच्या. मग रस्त्यावरच्या एका अनोळखी बाईला थांबवून तिच्या मोबाइलवर. ती घाबरली, पण तिथेही चौथी ओळ. तेव्हा आणला.

हे म्हणाले, "शेवटी भाषेचा विजय झाला."

झाला खरा. आईच्या भाषेचा. पण त्यांनाही एक तुकडा दिला.

५ डिसेंबर

सव्वाएकला दादाचा फोन. आज चावत नव्हता.

"अगं, तेल नाही घालायचं."

"कशात?"

"चाकात. बाबा कधीच तेल घालत नसत. तेलावर धूळ बसते, आठ दिवसांत चाक पुन्हा अडकतं. ते मेणबत्ती फिरवायचे दांड्यावर. उरलेले तुकडे मी गोळा करून आणायचो. तू लहान होतीस."

"मग आता मधेच काय त्याचं?"

"काही नाही. सहज आठवलं." आणि फोन ठेवला.

माणसाचं वय झालं की भरल्या ताटावर असं भलतंसलतं आठवतं. पण आईला विचारलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मेणच! विसरलेच की मी." लगेच भाचीला सांगून पानावर 'थेंबभर तेल' होतं तिथे 'मेणबत्तीचा तुकडा' केलं.

६ डिसेंबर

बाहेरगावचा चोर बरोबर सव्वाएकला आला. पण आज सात मिनिटं नाही, एकच मिनिट थांबला. जे बघायचं होतं ते दिसलं असणार. मेणाची युक्तीही गेली आता हातची. जाऊ दे. गावभर गेली आहे, एकाला तरी कशाला अडवा!

३० डिसेंबर

उद्या दादा येणार, कागद घेऊन. कामाला आलेल्या बॅगा मोजल्या: चौदा. पुन्हा मोजल्या. चौदाच. फळीवर अशा लावल्या की दारातून सगळ्या दिसाव्यात. बेवारस एकवीसही पुढे आणल्या होत्या, पण आई म्हणाली, "खोटं कशाला? चौदा पुरेत." परत मागे ठेवल्या.

काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा रडायला आलं, म्हणून नाही बोलायचं ठरवलं.

३१ डिसेंबर

दादा अकराला आला. बॅग हातात उचलून.

"चाकं असताना साहेबांनी बॅग उचलून आणावी?" मी म्हटलं. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण जीभ माझी आहे, तिचं तिला ठरवता येतं.

"फिरत नाही," तो म्हणाला. "म्हटलं, इथे लोक येतात, आपणही यावं."

बाबांच्या स्टुलावर बसला. फळीकडे बघितलं, चौदा बॅगांवरून एकेक नजर फिरवली, ओठ हलत होते. मोजत होता, बँकेची खोड. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं, संध्याकाळच्या गाडीची घाई असलेलं. मी दोघांच्यात अडकले. वळून बघते तर दादानं कोट काढला होता, स्वतःची बॅग उलटी करून मांडीवर घेतली होती आणि आईच्या चिमट्यानं केस ओढत होता. हळूहळू, घाई न करता. पायऱ्या पाठ असल्यासारखा. कधी शिकला देव जाणे. बाबांच्या वेळी तर तो पुस्तकातून डोकं वर काढत नसे.

आईनं न विचारता खणातून मेणबत्तीचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. दोघं एकमेकांकडे बघून हसली. काय विनोद होता ते मला कुणी सांगितलं नाही.

चाक फिरवलं. गरगर फिरलं. आम्ही तिघं ते थांबेपर्यंत बघत बसलो.

"कागद?" मीच विचारलं. किती वेळ टाळणार?

"बॅगेत आहेत. राहू देत." कोट चढवत म्हणाला, "कव्हरवाल्याला सांगितलं मी, जागा रिकामी नाही. आणि ऐक, मागच्या फळीवर बाबांची पाटी असेल, ती बाहेर लाव. नव्या स्टँडवरून येणाऱ्याला दुकान सापडत नाही. मला स्वतःलाच दोनदा विचारावं लागलं."

एवढ्या बदलाचं कारण मी रात्रीपासून आरशासमोर केलेली तयारी, यात शंका नाही. नुसत्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं असणार की या बाईशी वाद नको.

दुपारी तिघंही दुकानातच जेवलो. दादा चावत होता, पण आज फोनवर नाही, समोर. तीनला बॅग ओढत, खडखड न करता, रस्त्यानं गेला. मी वळणापर्यंत बघत होते.

मग सवयीनं किती जण येऊन गेले ते बघितलं. एकूण सदतीस, आजवरचे सगळ्यात जास्त. पण गंमत म्हणजे सव्वाएकचा तो बाहेरगावचा आज आलाच नाही. इतक्या महिन्यांत रविवार सोडून एकदाही चुकला नव्हता. आईला सांगितलं, तर तिला पुन्हा तो खोकला आला.

उद्या सकाळी आधी पाटी पुसून बाहेर लावायची.